मटरच्या दिवसांतले रविवार

परवा सदर बाजारातून घरी येताना ऑटोवाल्याने मध्येच रस्त्याच्या कडेला ऑटो थांबवला आणि मागे वळून म्हणाला, "दीदी, दो मिनट. मटर सस्ता हो गया है, ले लूँ." मी काही म्हणायच्या आत तो उतरलाही. ठेल्यावर हिरवा ढीग लागला होता. त्याच्याभोवती बायका, पुरुष, एक शाळेचा गणवेश घातलेली मुलगी, सगळे एकेक शेंग फोडून तोंडात टाकत होते, म्हणजे चव बघत होते. चव बघण्याच्या नावाखाली इथे माणसं पावभर मटर सहज खाऊन टाकतात आणि ठेलेवाला काही बोलत नाही. गार हवेत तो कच्चा, गोडसर वास ऑटोपर्यंत आला. आला म्हणायचा सीझन, असं मी मनात म्हटलं.

माझं माहेर भंडाऱ्याकडचं. तिथे आम्ही ह्यांना वाटाणे म्हणायचो आणि ते पाहुण्यासारखे मोजके यायचे. पुलावात दिसले तर दिसले. लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा कळलं की इथे मटर ही भाजी नाही, तो एक ऋतू आहे. जवळच्या पाटण-शहपुऱ्याकडून ट्रॅक्टर भरभरून येतात. भाव उतरला की कॉलनीतल्या बायका मिळून बोरीच्या बोरी, म्हणजे पोतीच्या पोती, घेतात. मग जेवणं उरकून सगळ्या मैदानात उन्हाला येतात, चटया टाकतात आणि सोलायला बसतात. उकळत्या पाण्यातून काढायचे, गार पाण्यात टाकायचे, सुती कापडावर पसरायचे आणि पुड्या करून फ्रीजरमध्ये ठेवायचे. वर्षभराची बेगमी. नखं हिरवी होतात, ती होळीपर्यंत तशीच राहतात. सालं गाईला जातात. शेजारच्या दुबे भाभींनी मला निमोना, म्हणजे वाटलेल्या मटरची रस्साभाजी, शिकवला, तोही ह्याच चटईवर बसून. परक्या गावात मी रुजले ती ह्या मटरच्या दिवसांत, असं मी कधीकाळी कौतुकाने सांगायची.

आता सांगत नाही. मटर सोलते, पुड्याही करते, पण हे दिवस मला आवडत नाहीत. ह्या दिवसांत माझ्या घरच्या माणसांनी मला फसवलं. इतकी वर्षं झाली, अजून मला ते जसंच्या तसं लागतं.

मितू तेव्हा चार वर्षांची होती. नाव संघमित्रा, आजोबांनी ठेवलेलं, पण एवढं मोठं नाव घेऊन हाक पूर्ण होईपर्यंत ती दुसऱ्याच्या अंगणात पोचलेली असायची. म्हणून मितू. आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, मितूचे बाबा फॅक्टरीत, घरी सासूबाई. तिघांच्या सहा डोळ्यांना ती पुरून उरायची. घास तोंडात असताना उठायची. चपला रोज कुठेतरी सोडून यायची. गोष्ट सांगायला घेतली की ससा जंगलात शिरायच्या आत ही खिडकीवर चढलेली. पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून तिला मी स्वतः उतरवलंय, एका हातात पर्स आणि दुसऱ्या हातात ती. झोपेतसुद्धा तिचे पाय चालायचे. मटरच्या चटईवर तर ती वादळच. सोललेल्या दाण्यांच्या परातीत पाय पडायचा, दाणे मैदानभर व्हायचे, बायका ओरडायच्या आणि हसायच्या. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं सासूबाई म्हणायच्या. मीही हसायची. पण हसता हसता माझं मन मागे राहायचं, कारण मी बघत होते की ती मस्ती करत नाही, तिला थांबताच येत नाही. ओरडल्यावर तिचा चेहरा आधी गोंधळायचा. आपण काय केलं हे तिला खरंच कळलेलं नसायचं.

नर्सरीच्या मॅडमनी एक दिवस मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "बच्ची बहुत प्यारी है, लेकिन बैठती ही नहीं. एक बार किसी डॉक्टर को दिखा लीजिए." त्यांनी वाईट शब्दात नाही सांगितलं. तरी शाळेच्या फाटकापासून बस स्टॉपपर्यंत मी कशी चालले ते मला आठवत नाही. मग कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत मी वाचलं, एडीएचडी म्हणून काही असतं, अतिचंचल मुलं, त्यांची चूक नसते, आईबापाचीही नसते. तो कागद मी जपून ठेवला आणि मितूच्या बाबांना दाखवला.

"काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली?" ते म्हणाले. "लहान आहे अजून. मोठी झाली की होईल ठीक."

"नागपूरला दाखवून येऊ एकदा. माझ्या माहेरचे आहेत तिकडे, राहायची सोय आहे."

"आता सुट्टी नाही भेटत. मार्चपर्यंत ओव्हरटाइम आहे. मटरचा सीझन जाऊ दे, मग बघू." आणि माझा चेहरा बघून असेल, लगेच म्हणाले, "चलो, असं करतो. रविवारी मी घेऊन जात जाईन तिले ग्वारीघाटले. नावेत बसवतो, मासोळ्यांना पीठ टाकतो. थकून येईल. तू आराम कर."

मला किती बरं वाटलं होतं, ते कसं सांगू? आठवडाभर ऑफिस आणि घर आणि तिच्यामागे धावणं. त्यात हा माणूस आपणहून म्हणतोय, तू आराम कर. मितूचे बाबा तसे विहारात मान असलेले. रविवारी सकाळी वंदना झाली की दोन शब्द बोलायला लोक त्यांनाच उभं करायचे आणि ते छान बोलायचेही. डोळे मिटून काही मानू नका, तपासा, विचारा, पटलं तरच घ्या. मी बायकांच्या बाजूला बसून ऐकायची आणि मला त्यांचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू? विहारातून आले की ते मितूला स्कूटरवर पुढे उभी करायचे आणि बापलेक नर्मदेकडे निघायचे. मी कणकेचे गोळे करून द्यायची, मासोळ्यांसाठी. उकडलेल्या मटरचा डबा द्यायची, मीठ-मिरपूड घालून, तिच्यासाठी. मग घर शांत. मी केस धुवायची, उन्हात बसायची, वाचायची. कधी काहीच करायची नाही. संध्याकाळी मितू खरंच निवांत येऊन माझ्या मांडीवर झोपायची, आणि मी मनातल्या मनात नवऱ्याचे आभार मानायची. तोंडानेही मानले होते एकदा. ते म्हणाले, "त्यात काय?"

तो प्रसंग घडला शनिवारी. मला सुट्टी, त्यांना ओव्हरटाइम. मैदानात ऊन चांगलं होतं, बोरी नुकतीच सोडली होती. दुबे भाभी, मी, आणखी कॉलनीतल्या दोघी-तिघी. मितू कधी नव्हे ती एका जागी होती. सालींच्या ढिगावर तिने बाहुली बसवली होती आणि घरातला फूलझाडू आणला होता. झाडू तिने बाहुलीच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवला. पुन्हा फिरवला. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पुटपुटत. मग एकदम मोठ्या आवाजात, कोणाच्या तरी जाड आवाजात म्हणाली, "निकल. निकल जा. छोड़ दे बच्ची को."

बायका खो खो हसल्या. मीही.

"ए मितू, क्या कर रही है गुड़िया को?" भाभींनी विचारलं.

"ये बैठती नहीं है ना," मितू म्हणाली, "इसके अंदर कोई बैठी है. वो इसको बैठने नहीं देती."

हसणं आधी भाभींचं थांबलं. "ये कहाँ से सीखा?"

"घाट पे. वो दादाजी मेरे को भी करते हैं. मोर के पंख से." आणि मग झाडू खाली ठेवून तिने बाहुलीचे दोन्ही हात आपल्या मुठीत घट्ट धरले. "बाबा ऐसे हाथ पकड़ते हैं."

माझ्या हातातली शेंग अर्धी फोडलेली होती. ती तशीच राहिली. भाभींनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना वाटलं मी घाबरले, म्हणून समजूत घातली, "अरे तो क्या हुआ? हमने भी तो अपने छोटे का करवाया था." त्या प्रेमाने बोलल्या. त्यांचा त्यावर विश्वास होता आणि त्यांनी तो कधी लपवलाही नव्हता. त्यांना कसं सांगू की आमच्या घरात ह्या गोष्टीला काय अर्थ आहे? धम्माची दीक्षा घेतली तेव्हा माझ्या आजेसासऱ्यांनी घरातले देव, गंडे, ताईत सगळं पोत्यात बांधून नदीत सोडलं होतं. ही गोष्ट ह्या घरात सणावाराला सांगतात. मला सून म्हणून आणली तेव्हाही पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट सांगितली होती.

संध्याकाळी मी मितूचे पाय धूत होते. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, जणू कोणी आतून ऐकेल, असं विचारलं, "आई, ती निघून गेली की मग मी कुठे राहीन?"

मी म्हटलं, "कोण ती?"

"ती. जी पळते."

मी तिला सांगितलं की आत कोणी नाही. तूच पळतेस, तूच हसतेस, तूच माझी मितू. तिने मान डोलावली. पण चार वर्षांच्या लेकराला बाप हात धरून एक सांगतो आणि आई पाय धुताना दुसरं सांगते, तेव्हा ते कोणाचं खरं मानेल?

मितूचे बाबा आले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारलं, "मितूला घाटावर कोणाकडे नेता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी बघितलं सासूबाईंकडे. त्या एका नजरेत मला सगळं कळलं, म्हणजे हेही कळलं की घरात मी सोडून सगळ्यांना माहीत आहे.

"मले मालूम होतं," सासूबाई खाटेवरूनच म्हणाल्या. "मीच म्हटलं त्याले, तिले नको सांगू. तू घर डोक्यावर घेतलं असतं."

"घेतलंच असतं," मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता.

"मग काय करू?" मितूचे बाबा आता चिडले होते. चूक सापडली की ते नेहमी चिडतात. "तू म्हणते डॉक्टर, डॉक्टर. तिथं फाईल बनते. उद्या फॅक्टरीत होईल, मेश्राम की बेटी का दिमाग़ ठीक नहीं. उद्या तिच्या लग्नात निघेल. घाटावर आपल्याले कोणी ओळखत नाही. अन् गंडा मी घरात आणत नव्हतो. कॉलनीच्या गेटपाशी काढून डिक्कीत ठेवत होतो."

हे त्यांनी स्वतःच्या बाजूने बोलायला म्हणून सांगितलं. घरात आणत नव्हतो. जणू पाप उंबऱ्याबाहेर ठेवलं की ते पाप नाही. जाताना गेटबाहेर पोरीच्या गळ्यात काळा गंडा, येताना गेटबाहेर तो काढायचा, हेल्मेटखाली ठेवायचा आणि वर माझा मटरचा रिकामा डबा. गंडे नदीत सोडलेल्या आम्हा लोकांनाच अशी लपवाछपवी सुचू शकते. दुबे भाभींनी गंडा सरळ गळ्यात राहू दिला असता.

"अन् विहारात जे बोलता ते?"

"ते वेगळं," ते म्हणाले. "हे लेकराचं आहे."

त्यांचं तिच्यावर प्रेम होतं. त्यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. ते घाबरले होते, तेही मला समजतं. मीसुद्धा घाबरले होते, पण मी माझी भीती त्यांच्यापुढे ठेवली होती, त्या पुरवणीच्या कागदासकट. त्यांनी त्यांची भीती माझ्यापासून लपवून परक्या माणसापुढे नेली. सुट्टी मिळत नव्हती ती डॉक्टरसाठी. मोरपिसासाठी दर रविवार मोकळा होता. आणि त्या रविवारांची मी वाट बघायची, त्यासाठी कणीक मळायची! मागची ती उन्हातली दुपार, धुतलेले केस, मांडीवर झोपलेली मितू, सगळ्याचा रंगच बदलला. ती दमून झोपत नव्हती, भेदरून झोपत होती. माझ्याशी खोटं बोललेलं एक वेळ सहन होतं. पण मला कृतज्ञ करून फसवलं, ते जात नाही.

पुढच्या रविवारी मी मितूला घेऊन एकटी नागपूरला गेले. गाडीत तिने सगळ्या डब्याशी ओळख करून घेतली. डॉक्टर बाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी तिला ठोकळे दिले, धावू दिलं, टेबलाखाली शिरू दिलं, माझ्याकडून सगळं ऐकलं. मग तिला विचारलं, "तुला पळायला आवडतं का गं?"

मितू म्हणाली, "मला आवडतं. तिला जास्त आवडतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. एका अनोळखी बाईसमोर माझ्या घरातली ही गोष्ट सांगताना मला जी लाज वाटली, ती खरं तर माझी नव्हती, पण वाहायची मलाच होती. त्या म्हणाल्या, एवढ्या लहान वयात एकदम शिक्का मारता येत नाही, आपण बघत राहू, कान तपासून घेऊ, झोपेचं बघू, शाळेशीही बोलू. घरात एका वेळी एकच गोष्ट सांगा, छोटी सांगा, केली की लगेच शाबासकी द्या. धरून बसवू नका. "आणि तिच्या मनातली ती दुसरी आहे ना," त्या म्हणाल्या, "तिच्यावर आधी काम करावं लागेल. त्याला वेळ लागेल."

वेळ लागला. मोठी शाळा सुरू झाल्यावर दुखण्याला नाव मिळालं, पुढे औषध मिळालं, बऱ्या बाई मिळाल्या तशा मारणाऱ्याही मिळाल्या. फाईल बनली आणि आभाळ काही कोसळलं नाही. मितूच्या बाबांनी घाट सोडला, पण चुकलो असं कधी म्हटलं नाही. मीही तिला पुन्हा कधी त्यांच्यासोबत तिकडे पाठवलं नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "तिले कुठं आठवते आता?" आणि खरं सांगायचं तर ह्या एका बाबतीत माझी त्यांच्यावर श्रद्धा होती. नसेल आठवत. एवढीशी तर होती. विहारात ते अजून बोलतात. मी अजून जाते, पण हल्ली ते उभे राहिले की मी चपला बघायला बाहेर येते.

मितू आता नागपूरला असते. नोकऱ्या धरते, सोडते, पुन्हा धरते, हसत असते, किल्ल्या हरवते. दिवाळीनंतर एकदा तिचा फोन आला. नव्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. म्हणाली, "आई, त्यांनी विचारलं, आपल्यात काहीतरी वेगळं आहे असं तुला पहिल्यांदा कधी वाटलं? मी म्हटलं, ग्वारीघाटावर. बाबांनी हात धरले होते तेव्हा." मग ती एकदम दुसरंच काहीतरी बोलायला लागली, मांजराचं की कशाचं, तिच्या नेहमीच्या वेगाने. मी हो हो म्हणत राहिले. मितूच्या बाबांना मी हे सांगितलं नाही. काय म्हणून सांगायचं?

ह्या आठवड्यात ती घरी आली आहे. आज रविवार. क्वार्टर कधीच सुटलं, आता आमचं स्वतःचं लहानसं घर आहे, सासूबाई नाहीत, पण अंगणात ऊन तसंच येतं. परवा ऑटोवाल्यापाठोपाठ मीही घेतलेले मटर परातीत घेऊन मितू आणि मी सोलायला बसलो. तिचा एक पाय सारखा हलत होता, परातीला टकटक लागत होता. ती सोलण्यापेक्षा जास्त खात होती.

मितूचे बाबा आतून आले. केस पांढरे झालेत त्यांचे, पण रविवारच्या इस्त्रीचा शर्ट तसाच. हातात स्कूटरची किल्ली होती. मोठ्या उत्साहात म्हणाले, "चल मितू, घाटावर जाऊन येऊ. नावेत बसू, मासोळ्यांना पीठ टाकू. किती वर्षं झाले, आपण दोघं गेलोच नाही."

टकटक थांबली. मी मितूच्या पायाकडे बघितलं. तो जमिनीला चिकटल्यासारखा स्थिर होता.

"नको बाबा. मी बसते इथंच."

"काहून गं?"

मितूने मान वर केली नाही. शेंग फोडली, दाणे परातीत टाकले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तिला नाही आवडत तिथं."

ते किल्ली हातात धरून दारात उभे राहिले. ही पोरगी एका जागी बसावी म्हणून ज्यांनी तिचे हात धरले होते, त्यांच्यासमोर ती बसली होती, जराही न हलता, आणि दुसरी शेंग उचलत होती.